यादी पुरेशी होती काय?

दर वर्षी एक प्रश्न नेमाने विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्यांची संख्या नेहमीच विचारणाऱ्यांपेक्षा अधिक भरते. अमुक एका गेम कन्सोलसाठी या वर्षी जे खेळ येऊ घातले आहेत, त्यांची यादी पुरेशी भक्कम आहे काय? २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोचे ‘स्विच २’ बाजारात आले तेव्हाही तो विचारला गेला. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ सोडल्यास सोबत नवे आणि मोठे असे फारसे काही नाही, असा अनेक जाणकारांचा सूर होता. आणि पहिल्या चार दिवसांतच त्या यंत्राच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. जाणकारांचे चुकले असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांनी यादी वाचली होती आणि बरोबर वाचली होती. विचारलेला प्रश्न एक आणि दिलेले उत्तर भलत्याच प्रश्नाचे, असा हा जुना घोळ आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही त्यात पुरते सापडलो होतो.

येथे ‘आम्ही’ म्हणजे खरोखरच आम्ही. लेखकाने स्वतःचा उल्लेख अनेकवचनी करण्याची जी आपल्याकडची रीत आहे, तिचा यात संबंध नाही. २००० साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन येथे, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही चौघे राहत होतो: एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर, एक डोंबिवलीकर आणि हे लिहिणारा पुणेकर. चौघेही संगणकाच्या नोकरीत, चौघेही एच-वन-बी व्हिसावर. सहस्रक उलटताना संगणकांच्या तारखांचा जो धसका जगाने घेतला होता, त्याच्या कृपेने आलेल्या लाटेबरोबर आम्ही तेथे पोहोचलो होतो. घरात दोन गाद्या, एक प्रेशर कुकर, भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाकडून स्वस्तात घेतलेला दूरचित्रवाणी संच आणि चौघांत मिळून एक दूरध्वनी, एवढा संसार होता. त्यात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट.

त्याची किंमत नुकतीच १९९ डॉलरांवरून १४९ डॉलरांवर आली होती. चौघांत विभागता माणशी सव्वासदतीस डॉलर पडत होते, विक्रीकर वेगळा. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. परंतु डॉलरला पंचेचाळीसने गुणल्याशिवाय ज्यांचा घास गिळला जात नसे, अशा माणसांच्या घरी त्या सव्वासदतीस डॉलरांवर तीन रात्री चर्चा झाली, आणि त्या चर्चेचा विषय हाच होता: यादी पुरेशी आहे काय?

यादी नागपूरकरांकडे होती. ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हे. त्यांनी एका जाड वहीत खरोखरच यादी केली होती. मासिके चाळून, आंतरजालावर शोधून, त्या वर्षात आलेल्या आणि येणाऱ्या खेळांची नावे त्यांनी महिनावार लिहून काढली होती आणि प्रत्येकापुढे आपले गुण दिले होते. ती वही आज आमच्यापाशी नाही, पण तीत काय होते हे सांगता येते, कारण ते वर्ष तसे होतेच. जानेवारीत ‘क्रेझी टॅक्सी’ आला होता: प्रवाशाला वेळेत पोहोचवायचे एवढ्याच कल्पनेवर उभा असलेला आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यालाही घाम फोडील असा. वर्षाच्या आरंभीच ‘रेझिडेंट ईव्हिल: कोड व्हेरोनिका’ येऊन गेला होता. उन्हाळ्यात ‘व्हर्च्युआ टेनिस’ आणि ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’. पुढे ऑक्टोबरात हातात खुळखुळे घेऊन खेळायचा ‘सांबा दे अमिगो’, आणि टोकियोच्या रस्त्यांवर चाकांचे बूट घालून भिंती रंगवत हिंडणाऱ्या पोरांचा खेळ, जपानात ‘जेट सेट रेडिओ’ आणि अमेरिकेत ‘जेट ग्राइंड रेडिओ’ या नावाचा, ज्यातली माणसे हाताने काढलेल्या चित्रांसारखी दिसत. नोव्हेंबरात ‘शेन्मू’ आणि ‘स्काइज ऑफ आर्केडिया’. डिसेंबरात ‘ग्रँडिया २’. आणि नव्या वर्षाच्या जानेवारीत ‘फँटसी स्टार ऑनलाइन’, ज्यात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली माणसे दूरध्वनीच्या तारेवरून एकत्र येऊन राक्षस मारणार होती. त्यासाठीचा मोडेम यंत्रातच बसवलेला होता, आणि १९९९ साली अमेरिकेत घरोघरी विकल्या जाणाऱ्या कन्सोलच्या बाबतीत ही मुळीच साधी गोष्ट नव्हती.

एखाद्या प्रकाशकाने एका वर्षात इतकी पुस्तके, आणि इतकी एकमेकांपासून वेगळी पुस्तके काढली असती, तर त्याच्या नावाने परिसंवाद झाले असते. नागपूरकरांचे म्हणणे साधे होते. “एवढी यादी पुरत नसेल, तर मग पुरते कशाला म्हणतात ते तरी सांगा बे.”

कोल्हापूरकरांचा विरोध होता. त्यांना थांबायचे होते. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ त्याच वर्षी ४ मार्चला जपानात निघाले होते आणि २६ ऑक्टोबरला अमेरिकेत येणार होते. त्याची किंमत २९९ डॉलर, म्हणजे आमच्या यंत्राच्या सुमारे दुप्पट; आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या खेळांची यादी नागपूरकरांच्या वहीच्या मानाने फिकट. ‘रिज रेसर ५’ होता, ‘टेकन टॅग टूर्नामेंट’ होता, ‘एसएसएक्स’ नावाचा बर्फावरून घसरण्याचा एक झकास खेळ होता, आणि आतषबाजीवर आधारलेला ‘फँटाव्हिजन’ होता, ज्याची आम्ही न खेळताच टिंगल केली. वहीतल्या गुणांची बेरीज मांडली तर सामना एकतर्फी होता.

कोल्हापूरकरांनी बेरीज पाहिली आणि ते म्हणाले, “लेका, तू या वर्षाची यादी वाचतोस. मला पुढल्या वर्षाची वाचायची आहे.” मग त्यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला, त्या यंत्रावर डीव्हीडी चालतात. ओक ट्री रोडवरच्या दुकानांतून आपण दर शनिवारी हिंदी सिनेमा आणतो. खेळ एकही नसला तरी यंत्र रिकामे राहणार नाही. दुसरा, त्यावर जुन्या प्लेस्टेशनचे खेळही चालतात. तेव्हा त्याची गेल्या पाच वर्षांची यादीही याच यादीत धरली पाहिजे. तिसरा मुद्दा त्यांनी हळू आवाजात सांगितला: “आणि सेगाने याआधी काय केलं ते आठव.”

काय केले होते, हे सांगायला हवे. १९९४ च्या अखेरीस सेगाने आपल्या जुन्या यंत्रावर बसवायचे ‘३२एक्स’ नावाचे एक जोडयंत्र अमेरिकेत विकायला काढले. ते घेणाऱ्यांना वाटले की आता काही वर्षे चिंता नाही. मे १९९५ मध्ये त्याच कंपनीने ‘सॅटर्न’ हे निराळेच यंत्र, आधी जाहीर केलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, अचानक मोजक्या दुकानांत आणून ठेवले. त्यासाठी खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांची तयारी झालेली नव्हती आणि ज्या दुकानांना वगळले होते ती रागावली. सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर होती. त्याच दिवसांत, त्याच प्रदर्शनात सोनीच्या माणसाने व्यासपीठावर येऊन प्लेस्टेशनची किंमत म्हणून ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि तो खाली उतरला. जोडयंत्र घेणारे, सॅटर्न घेणारे, दोघेही पुढे वाऱ्यावर पडले. अशा घरातून आलेली यादी कितीही सुरेख अक्षरात लिहिलेली असली, तरी वाचणारा आधी खालची सही पाहतो.

डोंबिवलीकरांनी या सगळ्या वादात एकच प्रश्न विचारला. “क्रिकेट आहे का त्यात?” वहीत क्रिकेट नव्हते. “मग माझ्यासाठी दोन्ही सारखीच,” असे म्हणून ते भात लावायला उठले. त्या वेळी आम्ही हसलो. आज वाटते की चौघांत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत नेमका प्रश्न त्यांचाच होता. ‘पुरेशी’ हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. कोणाला पुरेशी, हे त्यांनी विचारले. बाकीच्यांनी ते गृहीत धरले होते.

अखेर ड्रीमकास्ट आला तो यादीमुळे नव्हे, तर एका अत्यंत व्यावहारिक कारणामुळे. त्याला पुढच्या बाजूला चार जोडण्या होत्या. प्लेस्टेशन २ ला दोन. आम्ही चौघे होतो.

नंतरचे तीन महिने कसे गेले ते येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. रात्रीची भांडी घासून झाली की ‘व्हर्च्युआ टेनिस’ची दुहेरी मांडली जाई. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र या जुन्या वादाचा निकाल आमच्या घरी रोज लागत असे आणि रोज फिरत असे. डोंबिवलीकरांनी, क्रिकेट नसूनही, ‘क्रेझी टॅक्सी’त असे नैपुण्य मिळवले की त्यांना अमेरिकेत गाडी चालवण्याचा परवाना दुसऱ्या खेपेला मिळाला याचे सर्वांना आश्चर्य वाटले. कोल्हापूरकर सर्वांत जास्त खेळत आणि सर्वांत जास्त नावे ठेवीत.

त्याच काळात यादीविषयीची एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, जी वहीतून कळली नसती. यादी जेवढी भक्कम, तेवढी ती महाग असते. एकेक खेळ चाळीस ते पन्नास डॉलरांना. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत, घ्यायलाच हवेत असे दहा खेळ आले, म्हणजे यंत्राच्या किमतीच्या तिप्पट रक्कम झाली. आम्ही चौघांत मिळून पाच घेतले आणि दोन-तीन भाड्याने आणले. उरलेले उत्तम खेळ आमच्यासाठी नव्हतेच. ते दुकानाच्या फळीवर होते एवढेच. दिवाळीच्या सुमारास अनुक्रमणिकांच्या जाहिराती वाचून ‘यंदा अंक जोरदार आहेत’ असे म्हणणारा आणि शेवटी दोनच अंक घरी नेणारा वाचक आपल्या ओळखीचा आहे. उत्तम गोष्टी एकाच हंगामात दाटीवाटीने आल्या तर त्या एकमेकींचे गिऱ्हाईक खातात. पुढे २०१७ साली निन्टेन्डोने पहिल्या स्विचच्या बाबतीत हे नीट ओळखले. मार्चमध्ये ‘झेल्डा’, एप्रिलमध्ये ‘मारिओ कार्ट’, जुलैत ‘स्प्लॅटून २’, ऑक्टोबरात ‘मारिओ ओडिसी’. संख्येने ती यादी लांब नव्हती, पण वर्षभर कोणत्याही महिन्यात यंत्रावर धूळ बसू नये अशी तिची मांडणी होती. ड्रीमकास्टच्या २००० सालाला असा अवधी नव्हता. ऑक्टोबरात प्लेस्टेशन २ येणार म्हणून असेल ते सारे पुढे करणे भाग होते. जेवायला बसलेल्याच्या पानात सगळी पक्वान्ने एकदम वाढावीत, कारण पंगत उठणार आहे हे वाढप्याला ठाऊक आहे, असा तो प्रकार होता.

आणि कोल्हापूरकरांचा चौथा मुद्दा, जो त्यांनी डिसेंबरात मांडला, तोही प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ते म्हणाले, “चव चांगली आहे, पण सगळं एकाच घरचं जेवण आहे.” हे खरे होते. नागपूरकरांच्या वहीतली बहुसंख्य नावे खुद्द सेगाची होती. क्रीडाविषयक खेळांत अमेरिकेतली सर्वांत मोठी असलेली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी ड्रीमकास्टकडे फिरकलीच नाही. तिची जागा सेगाने स्वतःच्या ‘एनएफएल २के१’ आणि ‘एनबीए २के१’ या खेळांनी भरून काढली, आणि ते खेळ दर्जाने मुळीच उणे नव्हते. पण ‘मॅडन’ हवा असणाऱ्याला ‘मॅडन’च हवा असतो. ‘फायनल फँटसी’, ‘मेटल गिअर’ ही नावे वहीत कधीच येणार नव्हती. एकाच लेखकाने नावे बदलून लिहिलेला संपूर्ण अंक वाचताना, लेखन कितीही उत्तम असो, बाहेरची माणसे का आली नाहीत हा प्रश्न मनात येतोच. आणि बाहेरची माणसे येत नाहीत, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की ती एकमेकांकडे पाहत थांबलेली असतात.

डिसेंबर २००० मध्ये, नाताळाच्या सुट्टीआधी, आमच्यापैकी दोघे ज्या कंपनीत होतो तेथे एक बैठक झाली. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. तशा शेकडो होत्या. साहेबांनी पडद्यावर पुढल्या वर्षात येऊ घातलेल्या कामांची यादी दाखवली. अकरा नावे होती, त्यांतली चार मोठी होती. नागपूरकर आणि हे लिहिणारा बाहेर पडलो ते समाधानाने. यादी भक्कम होती. नागपूरकर तर म्हणाले की आपल्या वहीत यांना नऊ गुण द्यायला हरकत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हा दोघांना बोलावून काम संपल्याचे सांगण्यात आले. अकरा नावांतले एकही खोटे नव्हते, असे आम्हाला आजही वाटते. ती कामे खरोखरच यायची होती. फक्त ती येईपर्यंत पगार देण्यापुरता पैसा उरला नव्हता. त्या काळी एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली तर दुसरी शोधायला कायद्याने मुदत दिलेली नव्हती. साठ दिवसांची सवलत आली ती २०१७ मध्ये. तेव्हा पुढचा प्रत्येक दिवस उधारीचा होता आणि आम्हा दोघांना दिवसभर करायला काही नव्हते.

त्या दिवसांत आम्ही ‘शेन्मू’ खेळलो. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, यु सुझुकी यांनी घडवलेला हा खेळ १९८६ सालच्या जपानातल्या योकोसुका या बंदराच्या गावी घडतो. र्‍यो हाझुकी नावाच्या तरुणाच्या वडिलांचा त्याच्या डोळ्यांदेखत खून होतो आणि तो मारेकऱ्याचा शोध घेऊ लागतो. कथा एवढीच, पण खेळाचा जीव तिच्यात नाही. गावात दुकाने ठरल्या वेळी उघडतात, बंद होतात. घरातले खण उघडून पाहता येतात. हिवाळा असतो, बर्फ पडते. कोणाला भेटायचे असेल आणि ती वेळ यायची असेल, तर वाट पाहावी लागते. आणि शोधाच्या ओघात एका टप्प्यावर र्‍योला बंदरावर नोकरी धरावी लागते. रोज सकाळी जायचे, फोर्कलिफ्ट चालवायची, एका गोदामातली खोकी दुसऱ्या गोदामात ठरलेल्या संख्येने पोहोचवायची, दुपारची सुट्टी घ्यायची, पुन्हा खोकी, आणि संध्याकाळी दिवसाची मजुरी घ्यायची. त्या काळच्या कित्येक परीक्षकांना हा भाग कंटाळवाणा वाटला. खेळात येऊन पुन्हा नोकरीच करायची तर खेळ कशाला, असा त्यांचा आक्षेप होता.

आम्ही दोघे बेकार माणसे सकाळी नऊ वाजता चहा घेऊन बसायचो आणि आळीपाळीने फोर्कलिफ्ट चालवायचो. संध्याकाळी येनमध्ये पगार मिळे. खेळ म्हणून याची किती किंमत करावी हे आम्हाला सांगता येणार नाही. परंतु त्या पंधरा-वीस दिवसांत, वेळेवर कामाला जाऊन वेळेवर मजुरी मिळण्याची ती एकच जागा आम्हाला उपलब्ध होती. नागपूरकरांनी वहीत ‘शेन्मू’ला आधी सात गुण दिले होते. ते त्यांनी खोडले आणि नवे काही लिहिले नाही.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केले की मार्चअखेर ड्रीमकास्टचे उत्पादन थांबेल आणि यापुढे कंपनी केवळ खेळ तयार करील, तेही इतरांच्या यंत्रांसाठी. त्याच्या पाचच दिवस आधी भूजचा भूकंप झाला होता. ओक ट्री रोडवर जो तो गुजरातेतल्या नातेवाइकांची चौकशी करीत होता, दुकानांच्या गल्ल्यांवर मदतनिधीच्या पेट्या होत्या. अशा आठवड्यात एका खेळण्याच्या मरणाचे कोणी सुतक धरावे असे नव्हते, आणि आम्हीही धरले नाही. कोल्हापूरकरांनी बातमी वाचून दाखवली; ‘मी सांगितलं होतं’ असे मात्र ते म्हणाले नाहीत. फेब्रुवारीच्या आरंभी दुकानांत त्या यंत्राची किंमत ९९ डॉलर झाली.

यंत्राच्या एकूण ९१ लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या होत्या. फिकट यादी घेऊन आलेल्या प्लेस्टेशन २ चा आकडा पुढे १५ कोटींच्याही वर गेला, आणि कोल्हापूरकरांनी वाचायला मागितलेली पुढल्या वर्षाची यादी खरोखरच आली: ‘ग्रॅन टुरिस्मो ३’, ‘इको’, ‘सायलेंट हिल २’, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’, ‘मेटल गिअर सॉलिड २’, ‘फायनल फँटसी १०’. एका यंत्रासाठी याहून मोठे वर्ष क्वचितच आले असेल. मात्र ते वर्ष यायला सोनीपाशी वेळ होता. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपले सुमारे ८५ अब्ज येन किमतीचे खाजगी समभाग कंपनीला देऊन टाकले, म्हणून कंपनी तरी वाचली. ते स्वतः मार्च २००१ मध्येच वारले. यंत्रे बनवणे थांबवावे असे मत ते आधीपासून मांडीत असत. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तिचे कर्ज फेडायला स्वतःची संपत्ती देणारा हा गृहस्थ नागपूरकरांच्या वहीत कुठेच नव्हता, आणि वस्तुतः त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा जमाखर्च त्याच्या हातात होता.

तेव्हापासून ‘यादी पुरेशी आहे काय’ हा प्रश्न ऐकला की आम्ही त्याचे तीन तुकडे करतो. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याला आनंद देण्यास ती पुरेशी आहे काय? ज्याच्या घरी नाही त्याला विश्वास देण्यास पुरेशी आहे काय? आणि बनवणाऱ्याला तगवून धरण्यास पुरेशी आहे काय? २००० सालच्या ड्रीमकास्टपुरते उत्तर द्यायचे तर, पहिल्याचे उत्तर निःसंशय होय. दुसऱ्याचे नाही, कारण विश्वास हा चालू वर्षाच्या यादीतून मिळत नाही. तो मागल्या वर्षांच्या वागणुकीतून आणि पुढल्या वर्षांच्या शक्यतेतून मिळतो. तिसऱ्याचे उत्तर यादीपाशी नसतेच.

समीक्षकाचे काम पहिल्या प्रश्नाचे आहे. त्याने तेवढे नीट करावे. तो जेव्हा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून तिसऱ्याचे भाकीत करतो तेव्हा तो नागपूरकरांसारखा फसतो, आणि ते क्षम्य आहे. निदान त्याने खेळ तरी खेळलेले असतात. याहून वाईट चूक उलट दिशेची आहे. यंत्र बंद पडले, तेव्हा खेळांत काहीतरी कमी असलेच पाहिजे, असे मागाहून ठरवणे. मासिक बंद पडले की त्याचे शेवटचे अंक कसे निस्तेज होत गेले याचे पुरावे आपल्याकडे लगेच सापडू लागतात. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले तेव्हापासून आजवर हा उद्योग चालू आहे. नोकरी गेलेल्या माणसाविषयीही लोक असेच बोलतात. कामात कुठेतरी कमी पडला असेल, असे आमच्याविषयी कोणी कोणी म्हणालेच. आणि खोटे कशाला बोला, रात्री झोप येत नसे तेव्हा आम्हीही ते म्हणत होतो. त्या वेळी भिंतीजवळ ठेवलेले ते पांढरे यंत्र पाहून थोडा धीर येत असे. त्याच्या कामात काही कमी नव्हते हे आम्ही स्वतः पाहिले होते.

पुढचे थोडक्यात. नागपूरकर मार्चमध्ये परतले. ते आज नागपुरातच असतात आणि त्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे. कोल्हापूरकरांनी उन्हाळ्यात प्लेस्टेशन २ घेतले आणि ते तेथेच राहिले. डोंबिवलीकरांशी संपर्क तुटला. ‘शेन्मू’ची कथा अपुरी राहिली होती. दुसरा भाग निघाला. तिसऱ्यासाठी चाहत्यांनी २०१५ साली वर्गणी काढून ६३ लाख डॉलर जमवले आणि तो २०१९ मध्ये आला. कथा तरीही पुरी झाली नाही. योकोसुकाचे ते बंदर पुन्हा पाहायला मिळाले नाही याचे आम्हाला मात्र कथेपेक्षा अधिक वाईट वाटले.

यंत्र पुण्याला आले, कारण ते घेण्याएवढी जागा एकाच बॅगेत होती. अमेरिकेतल्या विजेवर चालणारे असल्याने त्यासाठी तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. ते अजून चालते. आतली घड्याळाची बॅटरी केव्हाच संपली आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी सुरू करताना ते आजची तारीख विचारते आणि आपल्याकडून २७ नोव्हेंबर १९९८ ही तारीख सुचवते. त्या दिवशी ते जपानात प्रथम विक्रीला आले होते, तेव्हा त्याच्यासोबत अवघे चार खेळ होते, आणि यादी पुरेशी नाही असेच सर्वांचे मत होते.

गेल्या दिवाळीत नागपूरकर सहकुटुंब घरी आले होते. जेवणानंतर त्यांच्या मुलाने ते यंत्र पाहिले आणि यावर कोणकोणते खेळ आहेत असे विचारले. आमच्यापाशी पाचच होते. नागपूरकर म्हणाले, “पाच आहेत. बस झाले.” मग आम्ही तारीख घातली आणि ‘व्हर्च्युआ टेनिस’ लावला.